कपारीतला झरा कोणाचा?

कड्याच्या पोटात, माणसाचा पाय सहसा लागत नाही अशा कपारीवर एक झरा आहे. तो किती वाहतो आणि पुढे कुठे जातो, एवढंच शोधायला स्नेहा पगारे कवदरमाळला आली होती.

नाशिकहून पेठ, पेठहून जीप आणि मग अडीच तासांची चढण. डोंगराच्या दोन कड्यांमधल्या पट्टीवर वसलेली एक्केचाळीस घरं म्हणजे कवदरमाळ. वर कडा, खाली कडा. पावसाळ्यात इथे ढग घरात शिरतात, नागलीची शेतं हिरवीगार होतात. पण कातळावरचं पाणी थांबत नाही. एप्रिल लागला की विहिरीचा तळ दिसतो. टँकरला रस्ता नाही. बायका लाकडी शिडीने खालचा कडा उतरून खोलदरी गावच्या झऱ्यावर हंडे भरतात आणि भरले हंडे डोक्यावर घेऊन तीच शिडी चढतात. खेपेला दोन तास. मागच्याच आठवड्यात एका सुनेचा पाय शिडीवरून सुटला; मनगट मोडलं, जीव वाचला. तेव्हापासून गावात एकच बोलणं होतं. कपारीतला झरा नळीने खाली आणायचा, नाहीतर गाव सोडायचं.

झरा पाहिला होता एकट्या काळूने. तो मध काढणारा. त्याच्याच मागून पहाटे सगळे वरचा कडा वळसा घालून चढले. काळू, त्याची बायको शकुबाई, स्नेहा आणि बहिरू. बहिरू शकुबाईचा धाकटा भाऊ; पण राहणारा खोलदरीचा.

"याला कशाला आणलं?" स्नेहाने हळूच विचारलं.

"दोर धरायला," शकुबाई म्हणाली. "आमच्यात कड्यावर उतरणाऱ्याचा दोर मेव्हण्यानंच धरायचा. भाऊ भावकीच्या जमिनीपायी सोडंल, दोस्त घाबरून सोडंल. मेव्हणा नाय सोडत. बहिणीचं कुंकू त्याच्या हातात असतं."

स्नेहाला रीत पटली. काळजी वेगळीच होती. काळूच्या सांगण्यानुसार झऱ्याचं पाणी कपारीवरच एका भेगेत गडप होत होतं. पाणी गडप होतं म्हणजे संपत नाही, कुठेतरी बाहेर पडतं. ते खोलदरीत पडत असेल तर? म्हणून तिच्या पाठीवर आठ किलो मीठ होतं, आणि खाली खोलदरीच्या झऱ्यावर तिचा सहकारी धम्मपाल क्षार मोजायचं यंत्र पाण्यात सोडून बसला होता. वर टाकलेलं मीठ खाली उतरलं तर पाणी एकच. हे तिने काळू आणि बहिरू दोघांनाही आधीच सांगितलं होतं.

"म्हंजे मी दोर धरू आणि दाजी आमचंच पाणी चोरणार!" बहिरू हसत म्हणाला. डोळे मात्र हसत नव्हते.

"पाणी तुमचं हाय ते सिद्ध तर होऊ दे, मेव्हणं," काळूने दोर कमरेला आवळला.

बहिरूने दोर अंजनाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन हातात घेतला. काळू कड्याच्या ओठावरून मागे झुकला आणि दिसेनासा झाला.

सकाळ शांत होती. दरीत धुकं होतं आणि त्यातून कुठेतरी कोंबडा आरवत होता. डाव्या अंगाला, पन्नासेक फुटांवर, आग्या मोहोळाची पाच काळी पोळी लटकत होती. काळूने धूर केला नव्हता. मधाशी काम नव्हतंच.

तेवढ्यात एक घार आली. मध खाणारी मोठी घार! पंख मिटून ती सरळ पोळ्यावर आदळली. पोळ्याचा लचका तुटला. क्षणात सगळा कडा गुणगुणायला लागला.

"बसा! तोंड झाका!" शकुबाई ओरडली.

स्नेहा ओढणीत डोकं खुपसून जमिनीला चिकटली. फटीतून तिला बहिरू दिसत होता. माश्या त्याच्या मानेवर बसल्या. कानावर बसल्या. त्याने मान झटकली, पण हात हलवले नाहीत. खाली वीस फुटांवर काळू लोंबकळत होता. एक डंख. दुसरा. बहिरूच्या घशातून आवाज निघाला, पण दोर तसूभरही सरकला नाही. मग त्याने दोर हळूहळू, हातामागून हात सोडायला सुरुवात केली. किती वेळ गेला कोण जाणे! शेवटी दोर सैल पडला आणि खालून शीळ आली. काळूचे पाय कपारीला लागले होते. बहिरूने हात सोडले आणि तो करवंदीच्या जाळीत घुसला.

माश्या शांत व्हायला दीड तास लागला. शकुबाईने भावाच्या मानेतून अकरा काटे काढले.

"आता तुमचा दोर मी धरीन," ती स्नेहाला म्हणाली.

"पण मी तुमची कोणीच नाही."

"तुमी पडलात तर माझं पाणी गेलं. माझ्यापरीस घट्ट कोण धरंल?"

स्नेहा उतरली. कपारीवर नेचे होते, गारवा होता. कातळाच्या सांध्यातून मनगटाएवढी धार पडत होती आणि चार पावलांवर भेगेत शिरत होती. तिने बादली लावली. दहा लिटरला पंचवीस सेकंद. पाच वेळा मोजलं, पाचही वेळा तेच. मग मीठ पाण्यात कालवून भेगेत ओतलं आणि वेळ लिहिली. आठ वाजून वीस मिनिटं.

कड्यावर मोबाईलला रेंज गावापेक्षा बरी होती. दहा वाजून दहा मिनिटांनी धम्मपालचा फोन आला.

"ताई, यंत्रावर एकशे ऐंशी होतं. आता दोनशे साठ. वाढतंय अजून."

काळूला आकडे कळले नाहीत, तिचा चेहरा कळला. त्याने धारेखाली ओंजळ धरली.

"मॅडम, नाय पोचलं म्हणून सांगा ना."

"आकडा मी बदलणार नाही, काळूभाऊ. पण आधी कोणी सांगायचं ते तुम्ही ठरवा."

काळूने वर पाहिलं. दोर सरळ उभा होता. मग त्याने दोन्ही हात तोंडाशी नेले.

"मेव्हणं! पाणी तुमचंच हाय!"

काळूने दोर दोनदा ओढला.

"ऐकलंत का?"

"ऐकलं!" बहिरूचा आवाज सुजलेला होता. "मग बोंबलताय काय! वर या आधी. माझी मान राहिली नाय."

वर आल्यावर स्नेहाने अंजनाखाली वहीत हिशोब मांडला. झरा दिवसाला साडेचौतीस हजार लिटर देतो. कवदरमाळला साडेबारा हजार पुरेत.

"काळूभाऊ म्हणतात तशी दोन इंची नळी टाकली तर सगळं पाणी इकडे येईल आणि खोलदरी कोरडी पडेल," ती म्हणाली. "अर्धा इंची टाकली तर या उतारावर बरोबर तेवढंच येतं. बाकीचं भेगेतून खाली जातं."

बहिरूने वहीत डोकावलं. "आज अर्धा इंच. आणि उद्या कुणी रातोरात मोठी नळी घातली तर?"

शकुबाई भावाच्या मानेवर ओलं फडकं ठेवत होती.

"घालायला कपारीत उतरावं लागतं," ती म्हणाली. "उतरायला दोर लागतो. आन् दोर धरायला तूच लागतोस. आता बस गप."

बहिरू हसला, आणि हसताना मान दुखली म्हणून त्याने शिवी दिली. काळूच्या डोक्यात होती ती दोन इंची नळी तिथेच, डोंगरमाथ्यावर राहिली.

खोलदरीच्या बैठकीत भांडण झालंच. बहिरूने दोन रात्री बोलून होकार मिळवला. मे महिन्याच्या मध्यावर अर्धा इंची नळी बसली आणि कवदरमाळची शिडी रिकामी झाली.

जूनच्या आधी स्नेहा एकदा खोलदरीला थांबली. झऱ्यावर गावची कलाबाई हंडा भरत होती. स्नेहाने घड्याळ लावलं. नळीआधी अडतीस सेकंदांत भरणाऱ्या हंड्याला साठ सेकंद लागले.

"मॅडम, पूर्वी मान वळवायच्या आत भरायचा," कलाबाई म्हणाली. "आता उभं ऱ्हावं लागतं. सासूची अर्धी कागाळी सांगून होते."

स्नेहाने आकडा लिहिला.

"वर पुरतं का त्यांना?" कलाबाईने विचारलं.

"पुरतं."

कलाबाईने चुंबळ नीट केली, हंडा उचलून डोक्यावर घेतला.

"मग असू दे," म्हणाली आणि घराकडे वळली.