साक्षीचा हिरवा दिवा

बुधवारी एक ते दोन ही डॉ. उपाध्ये मॅडमची एमआर लोकांना, म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींना, भेटायची वेळ. मिरजेतल्या त्यांच्या दवाखान्यात बाकावर चौघे-पाचजण मांडीवर बॅगा घेऊन बसले होते आणि प्रत्येकाच्या खिशावर कोटाच्या बटणाएवढं, साक्षी नावाचं यंत्र लावलेलं होतं. तौफिक शिकलगारनं आपली साक्षी रुमालानं पुसली. तिचा दिवा हिरवा होता.

कायदा होऊन दोन वर्षं झाली होती. औषध ज्या आजारासाठी मंजूर, त्याच आजारासाठी त्याचे गोडवे गायचे. दुसऱ्या कशावर ते चालतं असं कंपनीच्या माणसानं सुचवायचंही नाही. डॉक्टरांना स्वतःच्या जबाबदारीवर लिहायची मुभा होती. बंदी फक्त विकणाऱ्याच्या तोंडाला, आणि त्या तोंडावर साक्षीचा पहारा. ती बोलणं ऐकायची, औषधाची आणि आजाराची जोडी जुळवून पाहायची. जोडी मंजूर यादीत नसली की लाल व्हायची. तीनदा लाल झाली की परवाना रद्द. तौफिकचे दोन लाल होऊन चुकले होते. पंधरा वर्षं बोलण्यावर पोट भरलेल्या माणसाची जीभ कलमं वाचून थोडीच वळणार.

त्याचे अब्बा सतारी बनवत. वर्षभर त्यांचा हात कापत होता. तारा ज्या घोडीवर टेकतात, तिच्यावर कानस फिरवून सूर मोकळा करायचा, याला जवारी म्हणतात. कानस केसभर सरकली तरी सूर बसतो. जवारी थांबली तसे अब्बा जेवायलाही नको म्हणू लागले. शेवटी कोल्हापूरच्या एका डॉक्टरांनी आपल्या जबाबदारीवर स्थिरॉन लिहून दिली. ही गोळी तौफिकच्याच कंपनीची, मंजूर होती फक्त फिट्ससाठी. पंधरा दिवसांत हात थांबला.

मॅडमची एक पद्धत होती. कुणी बॅग उघडण्याआधी त्या घरची विचारपूस करत.

"अब्बा काय म्हणतात? जवारी चालू आहे का?"

"चालू झाली, मॅडम. हात थांबला. काल एक सतार पुरी केली त्यांनी."

"अरे वा. काय दिलंस त्यांना?"

तौफिकनं जीभ दाताखाली धरली. पण डोळे कुठे ऐकतात. ते आपसूक बॅगेतल्या स्थिरॉनच्या निळ्या खोक्याकडे गेले, आणि मॅडमचेही त्यांच्यामागोमाग. "लिहून कळवतो," तो म्हणाला. अशा वेळी नियमानं हेच म्हणायचं असतं. साक्षी हिरवीच राहिली. घरगुती बोलण्याला तिची हरकत नसे.

दोन महिन्यांत मिरजेत स्थिरॉनचा खप तिप्पट झाला. साहेबांनी पाठ थोपटली. तौफिकलाही बरं वाटलं, का वाटू नये? खोटं तो बोलला नव्हता. नियमही मोडला नव्हता.

मग एका रविवारी कानशींचा डबा आवरताना त्याला तळाशी स्थिरॉनच्या पट्ट्या सापडल्या. दोनच गोळ्या कमी होत्या.

"अब्बा, ही गोळी तुम्ही घेतच नाही?"

"दोन दिवस घेतली. गरगरायला लागलं, ठेवून दिली. तुझ्या कंपनीची, तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"मग हात कसा थांबला?"

"काय माहीत. दोन औषधं पोटात भांडतात म्हणून तेव्हा दम्याची गोळी बंद केली होती. पुन्हा धरलीच नाही. दमही लागत नाही आता."

दम्याच्या त्या गोळीनं काहींचे हात कापतात, हे तौफिकनंच पूर्वी कितीतरी डॉक्टरांना छापील कागदावर दाखवलं होतं. घरात मात्र दिव्याखाली अंधार.

आता मॅडमना सांगायचं कसं? साक्षीशिवाय डॉक्टरांशी बोललं तर परवाना त्याच दिवशी जाणार. घरच्यांच्या तोंडून निरोप धाडणं हाही प्रचारच, असं नियमावलीत होतं. त्यानं कंपनीच्या शास्त्र विभागाला लिहिलं. उत्तर आलं, आमच्या नोंदीत असा उपयोगच नाही, म्हणून त्यावर काही म्हणता येत नाही. तौफिकनं ते तीनदा वाचलं. त्यात चूक काहीच नव्हती, आणि त्याच्या डोक्याचा मात्र पार भुगा झाला होता.

पुढच्या बुधवारी बाकावर त्याच्या शेजारी एक म्हातारी, वेळेआधीच आलेली पेशंट, बसली होती. कपाळावर पट्टी होती.

"काय झालं, आजी?"

"न्हाणीत पडले बघ. हात कापतोय म्हणून ती निळ्या खोक्यातली गोळी सुरू केलीया, तवापासून गरगरतंय."

नंबर तौफिकचा होता. आजी पुढे निघाली तशी त्यानं तिला दाराशी थांबवलं, आधी स्वतः आत गेला आणि मॅडमनी अब्बांचं विचारायच्या आत बोलून टाकलं. "मॅडम, अब्बांनी स्थिरॉन दोनच दिवस घेतली होती. हाताचा कंप थांबला तो दम्याची गोळी सोडल्यानं असणार. स्थिरॉननं कंप थांबतो असं माझ्या नजरेवरून समजून कुणाला देत असाल तर देऊ नका."

साक्षी खिशावर थरथरली आणि लाल झाली. द्या आणि देऊ नका यातला फरक तिला कुणी शिकवला नव्हता.

मॅडमनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "बाहेरच्या आजींची गोळी आत्ता थांबवते. पण माझे दुसरे पेशंट, खोत गुरुजी, त्यांचा हात खरंच थांबलाय रे. ते तर रोज घेतात. त्यांचं काय करू?"

"माहीत नाही, मॅडम."

"बंद करू की चालू ठेवू?"

"खरंच माहीत नाही."

त्यानं साक्षी काढून टेबलावर ठेवली. पंधरा वर्षांची नोकरी तिथं लाल होऊन पडली होती. आपण योग्य केलं की नुसताच गोंधळ वाढवला, हे त्याला कळेना. तो हळूच म्हणाला, "मॅडम, त्या दिवशीही मी खरंच बोललो होतो."

मॅडमनी तो लाल दिवा बोटानं आपल्याकडे वळवला.

"आजही खरंच बोललास," त्या म्हणाल्या. "मग त्या दिवशी हा हिरवा का होता?"