पिन पळून जात नाही

वर्ना टॅकेटने टेबलावरची केकची बशी बाजूला सारली आणि तिथे शॉटगन आडवी ठेवली.

"ही बंदूक नाही," ती म्हणाली. "ही काठी आहे. बंदुकीच्या भावात घेतलेली."

हॉइट लेडबेटरने आधी केक वाचवला आणि मग बंदुकीकडे पाहिलं. तो शेरीफचा निवृत्त डेप्युटी होता आणि संकटात आधी काय वाचवायचं हे त्याला नोकरीने शिकवलं होतं.

टेबल ओपल स्टबलफील्डचं होतं. हिकरी बेंडमध्ये लाँड्रीच्या मागच्या खोलीत तिचं खाजगी तपासाचं ऑफिस होतं. त्याआधी वीस वर्षं तिने विमा कंपनीत लोकांचे दावे खोटे ठरवले होते. आता लोकांचं खरं ठरवून ती प्रायश्चित्त घेत होती. हॉइट तिला मदत करी, म्हणजे गाडी चालवी आणि चुकीचे तर्क काढी.

"बसा, मिस वर्ना," हॉइट म्हणाला.

"मी उभीच बरी. तू नीट बस, हॉइट. पाठ सरळ."

हॉइटने पाठ सरळ केली. वर्ना आता चौऱ्याहत्तर वर्षांची होती. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती, आणि अर्ध्या काउंटीच्या पाठी तिनेच सरळ केल्या होत्या. वात्रट पोरांना ती पुढच्या बाकावर, आपल्या डोळ्यांसमोर बसवी. हॉइटने अख्खी चौथी तिथे काढली होती.

आज तिचा डावा हात प्लास्टरमध्ये होता.

"मंगळवारी सकाळी दहाला चोर स्वयंपाकघराच्या दाराने आत आला," ती म्हणाली. "मी हीच घेऊन उभी होते. म्हटलं, मागे फिर. तो हसला. मी चाप ओढला. खट्. पंप मागेपुढे केला, परत ओढला. खट्. पुन्हा पंप, तिसऱ्यांदा खट्. परत पंप केला. मग त्याने नळी धरून मला ढकललं. मनगट मोडलं. वेंडेलचं घड्याळ घेऊन गेला."

वेंडेल म्हणजे तिचा नवरा, दोन वर्षांपूर्वी वारलेला. चोर दुसऱ्याच दिवशी पकडला गेला होता, घड्याळासकट. मिझुरीचा कुणी परका इसम.

"मग मी काय शोधायचं?" ओपलने विचारलं.

"शेरीफने बंदूक उघडली. आत एकही काडतूस नाही. तो म्हणतो, मी भरायलाच विसरले. माझा मुलगा गार्लंडही तेच म्हणतो. शुक्रवारी चारला दलाल घराचे कागद घेऊन येणार आहे. सही केली की मी त्या वृद्धांच्या घरात, बिंगो खेळत." तिने पर्स उघडली आणि तीन काडतुसं टेबलावर मांडली. "ही दुसऱ्या दिवशी चुलीखाली सापडली. प्रत्येक वेळी पंप केला तेव्हा एकेक उडून बाहेर पडलं. म्हणून बंदूक रिकामी होती. पण हे मी सांगितलं की लोक माझ्याकडे मान तिरकी करून बघतात."

ओपलने काडतुसं उलटी केली. बुडाच्या टोप्या कोऱ्या होत्या. चाप ओढला की बंदुकीतली पिन या टोपीवर आपटते आणि बार उडतो, पण पिनेचा खळगा एकावरही नव्हता.

"हॉइट, पेन्सिल दे. मागे रबर असलेली."

बंदूक रिकामी आहे हे तिने दोनदा तपासलं. मग नळी छताकडे करून पेन्सिल आत सोडली, रबर खाली. पिन ठीक असेल तर पेन्सिल उडी मारते. ओपलने चाप ओढला. खट्. पेन्सिल होती तिथेच राहिली.

"तुम्ही विसरला नव्हता," ओपल म्हणाली.

वर्नाचा चेहरा उजळला नाही. उलट लाल झाला.

"म्हणजे भंगारच निघाली, मी कालपासून गावात म्हणतेय तशी. मग तर गार्लंडचंच खरं. ही मी निवडली, ओपल. तीन आठवडे घालवून. आमच्या रस्त्यावरची दोन घरं फुटली होती. फोन केला की डेप्युटी यायला चाळीस मिनिटं लागतात. गावातल्या प्रत्येक पुरुषाला माझ्यासाठी कुठली बंदूक बरी ते माहीत होतं. पाद्रीसाहेबांना तर दोन माहीत होत्या. एकाने गुलाबी पिस्तूल दाखवलं. मी म्हटलं, चोराला वाढदिवसाची भेट द्यायची नाहीये मला. पिस्तुलाचा वरचा भाग माझ्या आखडलेल्या बोटांनी मागे ओढवेना. महागडी होती ती मध्येच रुसून अडकणारी. ही जुनी, साधी, धक्का कमी. डेल्मरच्या दुकानात दोनशे दहा डॉलर. मी म्हटलं, हिच्यात बिघडायला आहेच काय." ती थांबली. "ही भंगार असेल तर माझं डोकं चालत नाही असाच अर्थ. मी सही करते. पण रविवारी चर्चमध्ये उभी राहून डेल्मरचं नाव घेणार."

ओपल बंदूक निरखत होती. लोखंड आरशासारखं होतं.

"साफ कोण करतं?"

"कुणी नाही. डेल्मरने महिन्याला तेल द्यायला सांगितलं होतं. मी एकदाही दिलं नाही. हे या खोलीबाहेर जाऊ देऊ नका."

"ठेवता कुठे?"

"पलंगाखाली, चेनच्या पिशवीत. आत फोम आहे. एप्रिलमध्ये शेजारच्या रॉयसबरोबर पाच बार काढले, तेव्हापासून तिथेच. जुलैत एकदा काढली होती, आणि मग मंगळवारी."

"जुलैत काय झालं?"

"गार्लंड न सांगता आत आला. मला नुसती टोपी दिसली. मी रोखली, तो आहे हे कळलं, खाली केली. त्याच्या हातातलं कलिंगड फुटलं. डोळ्यात मोतीबिंदू होता तेव्हा. ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं, दोन दिवस हॉस्पिटलात होते. बिचारा गार्लंडच घरी राहिला, कोंबड्यांना दाणा घालायला. आता मला त्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतं. दोन महिने मागे आहे तुझं."

*

डेल्मर हफस्टटलरच्या दुकानात मासेमारीचे गळ, हरणांची मुंडकी आणि उकडलेले शेंगदाणे एकाच गल्ल्यावर मिळत. डेल्मर आधीच भडकलेला होता.

"ती बाई मला गावात भंगारवाला म्हणते. तीन गिऱ्हाइकं दुसऱ्या गावी गेली. बत्तीस वर्षं दुकान आहे माझं. मी तिच्याच बसमधून शाळेत जायचो."

"पुढच्या बाकावर?" हॉइटने आपुलकीने विचारलं.

"कधीमधी. आणा इकडे."

त्याने बंदुकीचा मधला भाग सुटा केला, आतली खिट्टी उचकटली आणि भोकात डोकावून पाहिलं.

"पिन नाहीये."

"तुटली?" हॉइट म्हणाला.

"तुटली तर तुकडा आत सापडतो. स्प्रिंगही नाही. पिन तुटते, हॉइट. झिजते. पिन पळून जात नाही. हे कुणीतरी उघडलं, काढलं आणि परत नीट जोडलं."

"कुणाला जमेल?"

"ज्याला कुणी शिकवलंय त्याला. या काउंटीत निम्म्या लोकांना." डेल्मरने खिट्टी दिव्याखाली धरली. "आणि त्याने तेल दिलंय. आतून, बाहेरून. पिन चोरतो आणि तेल देतो. हा कुठला चोर?"

खिट्टीच्या कडेला एक धागा अडकला होता. ओपलने तो चिमट्याने काढून पाकिटात ठेवला. लाल धागा, तेलात भिजलेला.

"सुरुवातीपासूनच पिन नसेल तर?" बाहेर आल्यावर हॉइट म्हणाला. "डेल्मरने तशीच विकली असेल."

"ते रॉयस सांगेल."

*

रॉयस कूम्ब्स त्यांना गोठ्यातच सापडला. त्याला गायींपेक्षा रिकाम्या काडतुसांचा नाद जास्त होता. ती गोळा करून तो पुन्हा भरी.

"एप्रिलची? आहेत की." त्याने फळीवरून डबा काढला. वर पट्टी चिकटवलेली: वर्ना, १२ एप्रिल, पाच. पाचही बुडांवर खोल, गोल खळगा होता. "चांगली बंदूक आहे. मी म्हटलंही तिला, बाई, माझ्यापेक्षा अक्कल आहे तुम्हाला."

"तुम्हाला तिचं खालचं शेत हवंय म्हणतात," ओपल म्हणाली.

"हवंय. दहा वर्षं मागतोय. ती नाही म्हणते, मग मका देते आणि घरी पाठवते." तो तापला. "म्हणून मी तिला चोराच्या तोंडी देईन? शेताच्या मागे लागलोय मी, तिच्या नाही."

दाराशी त्याची स्वतःची शॉटगन टेकलेली होती. ओपलने तिच्यावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"हे काय लावता?"

"ट्रकमधून काढलेलं तेल. फुकट असतं."

*

गार्लंड टॅकेट शेजारच्या गावात राहत होता. त्याचं गॅरेज देवघरासारखं लख्ख होतं. पाने आकाराने लावलेले, प्रत्येकाखाली नाव. एका फळीवर जुनी लाकडी पेटी होती.

"मी त्या बंदुकीला हात लावलेला नाही," तो म्हणाला. "मी पहिल्यापासून विरोधात होतो. जुलैत तिने माझ्यावर रोखली. माझ्यावर, कळतंय का? माझी मुलगी त्याच दाराने धावत आत शिरते, आजी आजी करत. मी आईला म्हटलं, विकून टाक. ती म्हणाली, आधी दार वाजवायला शीक."

"ऑगस्टमध्ये तुम्ही दोन दिवस तिथे होता."

"कोंबड्यांसाठी."

"पेटी छान आहे," ओपल म्हणाली.

"बाबांची, बंदुका साफ करायच्या सामानाची. आईने त्यांच्या रायफलबरोबर दिली."

हॉइट परतताना म्हणाला, "हा माणूस रडवेला दिसतो. रॉयसला शेत हवंय. मी रॉयसवर डॉलर लावतो."

"तुझा डॉलर मी कॅलेंडर घ्यायला वापरीन," ओपल म्हणाली.

*

शुक्रवारी साडेतीनला सगळे वर्नाच्या स्वयंपाकघरात होते. डेल्मर दाराशी, हात बांधून. रॉयस मक्याची पिशवी घेऊन. टेबलावर बंदूक होती आणि केक, आणि हॉइट केकजवळ. गार्लंडला ओपलने पेटी आणायला सांगितलं होतं. ती त्याच्या मांडीवर होती. वर्नाच्या पाठीशी लाल चौकड्यांची उशी होती.

"सुंदर उशी," ओपल म्हणाली.

"वेंडेलचा रात्रीचा सदरा-विजारीचा जोड. सदऱ्याची उशी केली. विजारीच्या त्यानेच चिंध्या केल्या होत्या, बंदुका पुसायला. तू उशीवर बोलायला आलीस का? दलाल चारला येतो."

"त्यावरच बोलायला आले. डेल्मरने चांगली बंदूक विकली. रॉयसकडच्या पाच काडतुसांवर पिनेचे पाच खळगे आहेत. म्हणजे पिन एप्रिलनंतर गेली. आता एक सांगा, रॉयस. फोमच्या पिशवीत बंदूक ठेवली, तेल दिलं नाही, आणि वर अर्कान्सासचा उन्हाळा गेला. काय होतं?"

"गंजते. ऑगस्टपर्यंत लाल होते. लहान मुलालाही माहितीये."

"ही गंजली नाही. मिस वर्नांनी तेल दिलं नाही." वर्नाने ओपलकडे रागाने पाहिलं. "म्हणजे उन्हाळ्यात कुणीतरी ती काढून पुसली. डेल्मर विचारत होता, पिन चोरणारा तेल कशाला देईल. चोर नाहीच देणार. ज्याला घाई आहे तोही नाही देणार. उघडलेली बंदूक पुसल्याशिवाय परत ठेवायची नाही हे ज्याच्या हातात भिनलंय, तो देईल. निकामी करतानाही त्याला ती घाण ठेववली नाही. रॉयसने दिलं असतं तर ती काळी झाली असती."

"म्हणजे माझा डॉलर गेला," हॉइट पुटपुटला.

ओपलने पाकिटातला धागा उशीवर ठेवला. तो उशीत हरवून गेला.

"विजारीच्या चिंध्या त्या पेटीत आहेत," ती म्हणाली. "आणि मला वाटतं, असा माणूस पिन फेकूनही देत नाही. उघडा, गार्लंड."

गार्लंडने बराच वेळ पेटीवर हात ठेवला. मग उघडली. लाल चिंधीच्या घडीत पिन होती, स्प्रिंगसह. तिलाही तेल दिलेलं होतं.

"तुला दिसत नव्हतं, आई," तो म्हणाला. "तू माझ्या छातीवर रोखलीस. मला रोज माझी पोर दारात दिसायची. ऑगस्टमध्ये घर रिकामं होतं. मी म्हटलं, कुणाला इजा होणार नाही."

"मला झाली."

"मला वाटलं नव्हतं कुणी खरंच येईल."

"ऑगस्टमध्ये माझे डोळे बरे झाले. सप्टेंबर गेला. ऑक्टोबर आला. प्रत्येक रविवारी तू या टेबलावर बसून माझी भेंडी खाल्लीस. एकदाही तोंड उघडलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू दुसरी घेतली असतीस."

"घेतलीच असती. हा माझा जीव आहे." तिने प्लास्टरचा हात टेबलावर ठेवला, आवाज झाला. "चोर दाराशी आला तेव्हा मागचं दार माझ्यापासून चार पावलांवर होतं, गार्लंड. हातात काठी आहे हे माहीत असतं तर मी पळाले असते. मी थांबले, कारण माझा तिच्यावर विश्वास होता. तू माझ्या हातातून बंदूक काढली नाहीस. पळायची अक्कल काढून घेतलीस. आणि वर मला सांगितलंस की मी विसरले. मी तीन रात्री पडून आठवत होते, मी भरली होती की नाही. स्वतःलाच वेडी ठरवत होते. तुला माहीत होतं."

गार्लंडने पिन चिंधीत परत गुंडाळली. रॉयस मक्याकडे बघत राहिला.

"चोराचा मला एवढा राग नाही," वर्ना म्हणाली. "तो चोरी करायला आला होता. तू माझी काळजी घ्यायला आला होतास."

अंगणात दलालाची गाडी थांबली. वर्नाने हॉइटला खूण केली. तो बाहेर गेला आणि कागदांचं काय करायचं ते डेप्युटीच्या आवाजात सांगून आला. गाडी वळून गेली.

"पिन बसव," वर्ना मुलाला म्हणाली.

गार्लंडच्या हातांना काम पाठ होतं. शेवटी त्याने सवयीने चिंधी उचलली आणि बंदूक पुसली. हॉइटने पेन्सिल सोडली. ओपलने चाप ओढला. पेन्सिल उडून छताला लागली आणि केकमध्ये पडली.

"दोनशे दहा डॉलर," वर्ना स्वतःशीच म्हणाली. "मी बरोबर निवडली होती."

ती उठली, पर्स घेतली.

"आता आपण डेल्मरच्या दुकानात जायचं. शुक्रवारी तिथे सगळं गाव असतं. माझ्यामुळे त्याचं नाव गेलं, म्हणून त्याची माफी मी मागणार. का गेलं, ते तू सांगणार. मोठ्याने. मग आपण बोलू, तू या घरात कधी यायचं ते."

"आई, मी गाडी काढतो."

"काढ. मी मागे बसते." तिने दार उघडून धरलं. "तू पुढे बस. माझ्या डोळ्यांसमोर."