गाडीतली पाच मिनिटं

डोळ्याचं ऑपरेशन झालं की माणसाने आराम करायचा असतो, आणि आराम मला कधीच जमला नाही. सगळी नोकरी शाळेत गेली, शेवटी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. गप्प बसून राहणं ही मुलांना द्यायची शिक्षा, आपण भोगायची नव्हे. त्यामुळे मोतीबिंदू काढून धाकट्या भावाच्या घरी राहायला गेले, ती दुसऱ्याच दिवशी भावजयीच्या स्वयंपाकघरात लुडबुड करायला लागले. पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, एकाचे दोन दिसले असतील. खुशाल म्हणा. मीही आधी स्वतःला तेच सांगितलं होतं.

माझा भाऊ भूल देणारा डॉक्टर. मोठ्या रुग्णालयात त्या विभागाचा प्रमुख आहे. तिथे सगळे त्याला साहेब म्हणतात, मी बाळ्या म्हणते. "साऱ्या जगाला झोपवतोस, स्वतः कधी झोपतोस रे?" असं चिडवलं की हसून म्हणायचा, "मी अगदी मजेत, ताई."

आणि दिसायचाही तसाच. संध्याकाळी बेल वाजायची, दोनदा, तुटक. आत आला की बाह्या सरसावून बायकोला मदत करायचा, माझ्या डोळ्याची चौकशी करायचा, माझ्या शिळ्या विनोदांनाही पोट धरून हसायचा. एवढं काम करून आलेला माणूस, पण कपाळावर आठी नाही. मी भावजयीला म्हटलंसुद्धा, "नशीब काढलंस हो."

ती हसली, पण जरा उशिरा. "पूर्वी फार चिडायचे हे," ती म्हणाली. "घरात पाऊल टाकलं की कटकट. आता कसे शांत झालेत."

एकच गोष्ट मला खटकली. त्याने थेंब घालायला माझी पापणी उचलली, की त्याची बोटं गार लागायची. नुसती गार नाहीत, आत कुठेच ऊब नसल्यासारखी. "गाडीतल्या एसीने होतं, ताई," तो म्हणायचा, आणि मी ते मान्य करून टाकलं.

त्या दिवशी सकाळी मला तपासणीला न्यायचं होतं. मी खाली गेले, तर हा माझ्याआधीच गाडीत जाऊन बसलेला. शर्ट चुरगळलेला, डोळे सुजलेले. वाटेत चकार शब्द नाही. काही माणसांची सकाळ उशिरा उजाडते, असं म्हणून मीही गप्प बसले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नवे थेंब लिहून दिले, भावाने बाटली घेतली, तो तिथूनच कामावर गेला आणि मी एकटी टॅक्सीने घरी आले. बाटली त्याच्या गाडीतच राहिली.

संध्याकाळी तो जेवायला बसल्यावर मला आठवलं.

"बाळ्या, माझं औषध?"

"गाडीत राहिलं, ताई. उद्या आणतो. नक्की."

"उद्या कशाला? थेंब आत्ता घालायचेत. मी घेऊन येते."

"खाली नको जाऊस." तो हसतच म्हणाला. घास त्याच्या हातात तसाच होता. "तिथे अंधार असतो."

मला कोणी नको म्हटलं की माझे पाय आपोआप तिकडे वळतात, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. दाराजवळच्या खुंटीवरची जादा किल्ली उचलली आणि मी निघाले.

इमारतीच्या तळघरात गाड्या लावायची जागा होती. तिथे तेलाचा, रबराचा आणि ओलसर सिमेंटचा वास. दिवे असे, की माणूस चालला की लागायचे आणि थांबला की थोड्या वेळाने आपोआप विझायचे. लिफ्टमधून बाहेर पडले तेव्हा सगळा काळोख होता. मी पाऊल टाकलं, डोक्यावर एक दिवा लागला. आणखी पुढे, आणखी एक. कुठेतरी पाइपातून पाणी वाहत होतं. माझ्या चपलांचा आवाज भिंतीवर आपटून मागून येत होता, जणू कोणी माझी नक्कल करतंय. भावाची गाडी अगदी कोपऱ्यात होती. मी जवळ पोहोचले आणि तिच्यावरचा दिवा लागला.

गाडीत माझा भाऊ बसला होता.

सीट मागे पाडलेली, हात मांडीवर, डोळे उघडे आणि समोरच्या भिंतीवर खिळलेले. तोच सकाळचा चुरगळलेला शर्ट. आत्ता, या क्षणी तो वर जेवत होता. मी माझा बरा डोळा झाकून पाहिलं, मग ऑपरेशनचा झाकून पाहिलं. दोन्हींना तोच दिसला.

मी काचेवर टकटक केली. त्याने काच खाली घेतली. घाबरला नाही, दचकला नाही. दूध उतू तर गेलं नाही ना, असं विचारावं, तसं त्याने विचारलं,

"ताई… मी पोहोचलो ना घरी?"

"पोहोचलास," माझ्या तोंडून निघालं. "जेवायला बसलायस."

"मग बरं झालं," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

तेवढ्यात वरचा दिवा विझला. मी अंधारात हात हलवला, तो पुन्हा लागला. भाऊ तिथेच होता.

"हे काय आहे, बाळ्या? कधीपासून?"

"पहिल्यांदा पाचच मिनिटं बसायचो गं. वर जायच्या आधी. तोंड नीट करायला." तो फार हळू बोलत होता. "तिथे दिवसभर माणसं माझ्याकडे बघून डोळे मिटतात. मी म्हणतो, घाबरू नका, मी आहे. मग घरी येऊन पुन्हा हसायचं… एक दिवस उठताच येईना. कितीतरी वेळ बसून राहिलो. भीत भीत वर गेलो, म्हटलं आता बोलणी बसणार. तर घरात निजानीज झालेली. खोलीत डोकावलो. माझ्या जागी तो झोपला होता."

"मग?"

"किती गाढ झोपला होता, ताई. मला इतक्या महिन्यांत तशी झोप लागली नव्हती. उठवावंसं वाटेना. दार हळूच ओढून घेतलं आणि खाली आलो."

दिवा विझला. या वेळी हात हलवायचं मला सुचलंच नाही. अंधारातून त्याचा आवाज येत राहिला.

"घरचं तो सांभाळतो. चिडत नाही, थकत नाही. तिलाही तोच बरा वाटतो. कामावर मात्र मी जातो, तिथे त्याला नाही जाऊ देत. पण परवा माझा हात थरथरला… सुई टोचताना. कोणाला कळलं नाही. एक दिवस कळेल, ताई. एखादं माणूस उठणारच नाही, आणि मग कळेल."

तेव्हा मला रडू फुटलं. याच्या कौतुकाच्या गोष्टी मी गावभर सांगत फिरले होते, आणि हा इथे अंधारात बसून माझं कौतुक निभावत होता. मी दार उघडून त्याचा दंड धरला. हात ऊन होता, तापल्यासारखा.

"ऊठ. वर चल."

"आणि तो कुठे जाईल?"

"ते माझ्यावर सोड," मी शाळेतल्या आवाजात म्हटलं. त्या आवाजाला तो अजून भितो. उठला.

लिफ्टमध्ये आरसा होता. त्यात बघून त्याने सवयीने ओठ ताणले, भुवया सारख्या केल्या. मी त्याचा चेहरा माझ्याकडे वळवला. "नको. हेच तोंड घेऊन चल."

दार भावजयीने उघडलं. टेबलावर अर्धवट जेवलेलं ताट होतं आणि खुर्ची मागे सरकवलेली. "आत्ता तर इथे होते," ती म्हणाली, "हात धुवायला उठले…" मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तो चपलांच्या कपाटाशेजारच्या स्टुलावर बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागला. तिने खाली बसून त्याचे बूट काढले, मोजे काढले, आणि त्याचे पाय स्वतःच्या मांडीवर घेतले.

न्हाणीघरात कोणी नव्हतं. नळ मात्र वाहत होता.

भाऊ झोपला तो मेल्यासारखा. सकाळ झाली तरी हलला नाही. आज तो येणार नाही हे कळवायला मीच रुग्णालयात फोन लावला. एका नर्सबाईंनी उचलला.

"नाही येणार?" त्या हसल्या. "अहो, साहेब केव्हाच आलेत. आत आहेत, ऑपरेशन चालू आहे. आज किती दिवसांनी खुशीत दिसतायत!"

मी फोन धरून खोलीच्या दारात गेले. भाऊ कुशीवर झोपला होता, तोंड उघडं, घोरत होता.

"पेशंट… ठीक आहेत ना?" मी विचारलं.

"अगदी उत्तम. फक्त हात फार गार आहेत म्हणतात साहेबांचे."

मी फोन ठेवला. भावजय आणि मी दिवसभर दिवाणखान्यात दाराकडे बघत बसलो. भाऊ दुपारी उठला, दोन घास जेवला, मी फोनचं सांगितलं ते त्याने मान खाली घालून ऐकलं आणि पुन्हा आडवा झाला.

संध्याकाळी बेल वाजली. दोनदा, तुटक.

मी दाराच्या भिंगातून पाहिलं. तो बाहेर उभा होता. पण हसत नव्हता. कोणी बघत नाही असं समजून त्याने कपाळ भिंतीला टेकवलं होतं, आणि खांदे इतके खाली आले होते, की मला वाटलं आता कोसळेल. मग तो सरळ झाला. गालांवरून हात फिरवला, ओठ ताणले, भुवया सारख्या केल्या. पुन्हा बेल दाबली.

माझ्या मागे पावलं वाजली. भाऊ येऊन उभा होता, अंगावर चादर घेऊन.

"उघड, ताई," तो हळूच म्हणाला. "दमला असेल तो."

मी कडी काढली. बाहेर कोणी नव्हतं. पायपुसण्यावर माझ्या डोळ्याच्या थेंबांची बाटली उभी ठेवलेली होती. उचलली तर बर्फासारखी गार. ती तर बंद गाडीतच राहिली होती, आणि गाडीच्या दोन्ही किल्ल्या खुंटीवर होत्या.

दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः रुग्णालयात गेला आणि जे होतं ते तोंडाने सांगून आला: मी थकलोय, मला भीती वाटते, माझा हात कापतो. त्याला लांबलचक सुट्टी मिळाली. तो घरी चिडायला लागला, गुडघे दुखतात म्हणून कुरकुरायला लागला, आणि त्या कुरकुरीने आमच्या जिवात जीव आला. मी माझ्या घरी परतले.

गेल्या महिन्यापासून तो पुन्हा पूर्ण वेळ कामावर जातो. प्रमुखाची खुर्ची त्यालाच परत दिली. मी म्हटलं होतं, घेऊ नकोस. पण लोक आग्रह करतात, आणि नाही म्हणायला तो माझ्यासारखा शिकला नाही.

काल संध्याकाळी भावजयीला फोन केला होता. ती सांगत होती की हे अजून आले नाहीत, हल्ली उशीरच होतो. बोलता बोलता पलीकडे बेल वाजली. दोनदा, तुटक. "आले वाटतं," ती म्हणाली. दार उघडल्याचा आवाज आला, मग फोन त्याच्या हातात गेला. आवाज इतका प्रसन्न, की ऐकूनच माझे हात गार पडले.

"ताई! डोळे कसे आहेत? मी अगदी मजेत."

मी त्याच्याशी दोन शब्द गोड बोलले. मग म्हटलं, जरा बायकोकडे दे. ती आली.

"काही बोलू नकोस," मी तिला म्हटलं. "फक्त खुंटीवरची किल्ली घे आणि खाली जाऊन गाडीत बघून ये."