उजव्या सोंडेचा चोर

माझा गणपती माझ्या आधीच कुणीतरी काढून ठेवला होता!

थांबा, नीट सांगते. मी कस्तुरी म्हात्रे, इयत्ता सातवी, राहणार पेण. आमच्या गावात गल्लोगल्ली गणपतीचे कारखाने आहेत, त्यातला एक माझ्या आईचा. आता मूर्ती नुसत्या हातानं होत नाहीत. आधी चित्रपाटीवर (पेनानं चित्र काढायचा सपाट पडदा) चित्र काढायचं. मग मूर्तियंत्र (शाडूचे पातळ थर एकावर एक रचणारं यंत्र) त्याची मूर्ती उभी करतं. डोळ्यांची आखणी तेवढी आई अजून स्वतः कुंचल्यानं करते. "यंत्राला मूर्ती जमेल गं, नजर नाही जमायची," म्हणते.

तर यंदा शाळेच्या गणपतीसाठी माझं चित्र निवडलं होतं. मांडीवर पुस्तक घेऊन वाचत बसलेला, गालातल्या गालात हसणारा बाप्पा. किती खपले होते मी त्याच्यासाठी! आणि गुरुवारी चित्रकलेच्या गावंड सरांनी मला बाजूला बोलावलं आणि त्यांचा फोन माझ्यापुढे धरला. 'चित्रझरा' नावाच्या ऑनलाइन दुकानात माझा बाप्पा विकायला ठेवला होता. तेच पुस्तक, तेच हसू, मुकुटातलं जास्वंदसुद्धा तेच.

"कस्तुरी, हे तिथे सोमवारी आलंय. तू मला काल दिलंस," सर म्हणाले. "मी तुला चोर म्हणत नाही. पण दुसऱ्याचं चित्र शाळेत बसवता येणार नाही. तुझंच आहे हे येत्या सोमवारपर्यंत दाखव. नाहीतर आपल्याला दुसरं चित्र घ्यावं लागेल."

मला रडू येत होतं. त्याहून जास्त राग येत होता. घरी मला सगळे 'संशयी मावशी' म्हणून चिडवतात. चिडवू देत! या वेळी संशय घ्यायला चांगलंच कारण होतं.

माझं चित्र पाहिलं होतं कुणी? आईनं. पण आईवर संशय घ्यायची माझी हिंमत नाही. उरले दोघं. एक उर्वी ठाकूर, माझी जिवलग मैत्रीण. रोज संध्याकाळी माझ्या शेजारी बसून ती गृहपाठ करते आणि माझी खोडरबरं कुरतडते. दुसरा खटपट्या.

खटपट्या म्हणजे कारखान्यातला यंत्रमानव. रंग कालवतो, मूर्ती उचलतो आणि पुस्तकातल्यासारखं बोलतो. त्याच्या चेहऱ्यावर वाटीएवढी दोन भिंगं आहेत. तो बघत असला की कपाळावरचा हिरवा दिवा लागतो. दिवसभर घरात डोळे वटारून फिरणारा दुसरा कोण होता?

तरी आधी उर्वीचा निकाल लावायचा, असं मी ठरवलं. "खटपट्या, आज उर्वी आली की तिच्यावर गुपचूप नजर ठेव," मी हळूच म्हटलं. "दिवा विझवून ठेव. तिला कळता कामा नये."

"क्षमस्व, कस्तुरीताई. दिवा विझवून मी कोणाकडे पाहत नाही. उर्वीताईंना विचारू का, की तुमच्याकडे पाहिलं तर चालेल?"

"विचारल्यावर गुपचूप कसलं, डोंबल!"

"तेच म्हणतो मी," खटपट्या म्हणाला आणि रंग कालवायला निघून गेला.

अस्सं! मोठा आला साळसूद! नकार देतो म्हणजे याच्याच मनात काहीतरी काळंबेरं असणार. मी त्याचं नाव संशयितांत पहिलं टाकलं.

संध्याकाळी मी आईला चित्रझऱ्यातलं ते चित्र दाखवलं. आईनं एकदा पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! उजव्या सोंडेचा केलाय की मेल्यांनी!"

मी पुन्हा पाहिलं. खरंच! माझ्या बाप्पाची सोंड डावीकडे वळलेली होती. घरोघरी तसाच बसवतात. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळंओवळं फार, म्हणून लोक सहसा घरी आणत नाहीत. रागाच्या भरात माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं.

मग माझं डोकं चालायला लागलं. पेणचा माणूस एखादे वेळी चित्र चोरेल, पण बाप्पाची सोंड फिरवणार नाही! आमच्याकडे बालवाडीतल्या पोरालाही ते कळतं. म्हणजे उर्वी सुटली. मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. मग सोंड फिरली कशी? हे विचारायला घरात एकच जण होता, आणि माझा संशय नेमका त्याच्यावरच होता. काय करता! गेले त्याच्याकडेच.

"आरशापुढे उभ्या राहा आणि उजवा हात वर करा," खटपट्या म्हणाला.

माझ्या बैठकीच्या मागे कपाट आहे, त्याच्या दारावर उंच आरसा आहे. मी हात वर केला.

"आरशातली कस्तुरी तुमच्यासारखीच समोर येऊन उभी राहिली, तर तिनं कोणता हात वर केला असं म्हणाल?"

"डावा."

"बरोबर. याला म्हणतात परावर्तन (उजेड एखाद्या पृष्ठभागावर आपटून परत फिरणं). आरशात दिसणाऱ्या चित्राची डावी-उजवी बाजू पालटलेली वाटते. आता विचार करा. तुमच्या चित्रपाटीतून कोणी मूळ चित्रच पळवलं असतं, तर सोंड कुठे असती?"

"डावीकडेच."

"शेजारी बसून कोणी थेट पाहिलं असतं तर?"

"तरी डावीकडेच." माझ्या अंगावर काटा आला. "म्हणजे कुणीतरी माझं चित्र आरशातून बघितलंय!"

मी आरशाकडे पाठ करून बसते. पाटी माझ्यापुढे तिरकी उभी असते. माझ्या खांद्यावरून ती मागच्या आरशात दिसते. म्हणजे बघणारा माझ्या समोरच्या बाजूला असणार. समोर होती भिंत. तिच्यावर घड्याळ, दिनदर्शिका आणि एक चित्रचौकट. तिथे कोण उभं राहणार, पाल?

"किंवा तूच थेट पाहिलंस," मी डोळे बारीक करून म्हटलं, "आणि मला फसवायला चित्र उलटं केलंस."

"शक्य आहे," खटपट्या शांतपणे म्हणाला. "म्हणून माझ्या शब्दावर जाऊ नका. नियंत्रित प्रयोग करा (बाकी सगळं आहे तसं ठेवून ज्याचा संशय आहे तेवढंच बदलून बघायचं). मी असताना आरसा झाका. आरसा उघडा असेल तेव्हा मला बंद करा."

स्वतःलाच पकडायची युक्ती कोणता चोर सांगेल? पण फार हुशार चोर सांगेलही! मी प्रयोग करायचा ठरवला.

शुक्रवारी आरशावर जाड चादर टाकली. खटपट्या चालू, दिवा लागलेला, उर्वीही शेजारी. मी एक वेडपट चित्र काढलं: मिक्सरवर बसलेला उंदीर. शनिवारी चादर काढली, खटपट्याचं मुख्य बटण बंद केलं आणि उर्वीला तिच्या घरीच थांबायला सांगितलं. त्या दिवशी काढला स्कूटरवर बसलेला उंदीर, डावा कान कुरतडलेला. दोन्ही चित्रं काढल्या काढल्या गावंड सरांना पाठवली आणि लिहिलं, "सर, ही जपून ठेवा. मी आणखी कुणालाही दिलेली नाहीत."

रविवारी सकाळी दात न घासताच मी चित्रझरा उघडला. मिक्सरवरच्या उंदराचा पत्ता नव्हता. आणि स्कूटरवरचा? ऐटीत बसला होता तिथे! कुरतडलेला कान मात्र उजवा.

मी खटपट्याचं बटण चालू केलं आणि त्याला सगळं सांगितलं. आवाज माझा जरा पडलेलाच होता. "सॉरी, खटपट्या. मी तुला चोर समजले होते."

"तुम्ही तपासलंत," तो म्हणाला, "ते मला आवडलं."

उर्वीला बोलावून आणलं. खटपट्यानं भर सकाळी खोलीचे जाड पडदे ओढले. काळोख झाला. "विजेरी डोळ्याला लागून धरा, आणि उजेड पडेल तिथेच पाहत समोरच्या भिंतीवरून सावकाश फिरवा. छुप्या कॅमेऱ्यालाही भिंग लागतंच. भिंगातून आत गेलेला उजेड आतल्या पडद्यावर एकवटतो आणि त्यातला थोडा आला त्याच वाटेनं परत फिरतो. मांजराचे डोळे अंधारात चमकतात तसाच तो चमकतो. पण तो विजेरीकडेच परत येतो, म्हणून डोळा विजेरीजवळ हवा."

घड्याळावरून उजेड फिरवला. काही नाही. दिनदर्शिकेवर काही नाही. चित्रचौकटीवर आले आणि उर्वीनं माझा दंड घट्ट धरला. चौकटीच्या खालच्या पट्टीत मोहरीएवढा ठिपका लखकन चमकला. विजेरी बाजूला नेली की विझायचा, परत आणली की पुन्हा चमकायचा.

"ते उजेड मोजायचं छिद्र आहे, असं तो माणूस म्हणाला होता!" दारात उभी राहिलेली आई म्हणाली. ही चौकट चित्रझऱ्यानंच दिवाळीत फुकट बसवून दिली होती. रोज नवी चित्रं दाखवायची. आम्ही तिच्याकडे बघत होतो आणि ती आमच्याकडे बघत होती. जेवताना, भांडताना, मी कपाटासमोर नाच करताना! मला तर शिसारीच आली. आईनं आधी चौकटीवर पदर टाकला आणि मग तिची वायर उपटली.

"पण तेव्हा मी फोनवर 'मान्य' दाबलं होतं गं," आई खाली बसली. "न वाचताच. आता त्यांना चित्र विकायचा परवाना मिळाला की काय?"

"आई, शेजारच्या काकू मोदकांचा साचा मागतात तेव्हा तुम्ही देता ना?" खटपट्यानं विचारलं.

"देते की."

"मग साचा त्यांचा होतो?"

"कसा होईल? त्यांनी मोदक करावेत आणि साचा परत आणावा. तसले साचे करून विकायला बसल्या तर मी ऐकून घेईन होय?"

"हाच परवाना (मालकी स्वतःकडे ठेवून दिलेली मर्यादित परवानगी). कोणाला, कशासाठी, किती दिवस, हे त्यात ठरलेलं असतं. चित्र काढणाऱ्याचंच राहतं. तुम्ही मान्य केलंत ते चौकटीनं चित्रं दाखवणं. तिला डोळा आहे हे तुम्हाला कोणी सांगितलंच नाही. जे लपवलं त्याला तुम्ही होकार कसा द्याल? आणि कस्तुरीताईंचं चित्र विकायचं की नाही, हे त्यांना कोणी विचारलंही नाही."

सोमवारी आई ती चौकट घेऊन माझ्याबरोबर शाळेत आली. गावंड सरांनी दोन्ही उंदीर पाहिले, उलटा कान पाहिला, चौकटीतलं भिंग पाहिलं. मग सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "बाप्पा कस्तुरीचाच आहे. तिच्याकडे पुरावा मागावा लागला याचं मला वाईट वाटतंय." त्यांनी आणि आईनं मिळून रीतसर तक्रार केली. गावात त्या चौकटी घरोघर होत्या. घरोघर पडदे ओढून विजेऱ्या फिरल्या आणि ठिपके चमकले. चित्रझऱ्यावरून माझा बाप्पा काढला गेला आणि चौकशी लागली.

शाळेला मी परवाना दिला. फक्त आमच्या शाळेसाठी, फक्त यंदाच्या वर्षी, पाटावर माझं नाव हवं आणि सोंड डावीकडेच! मग शेजारच्या शाळेनंही विचारलं. विचारलं म्हणून त्यांनाही लगेच दिला.

एक गोष्ट मात्र मनात टोचत होती. कारखान्यात बसलो असताना मी ती उर्वीला सांगून टाकली. "मी खटपट्याला तुझ्यावर गुपचूप नजर ठेवायला सांगितलं होतं. त्यानं ठेवली नाही."

उर्वीनं वही मिटून बाजूला ठेवली.

"म्हणजे चौकट करते तेच तू करणार होतीस," ती म्हणाली.

"हो."

"मला विचारायचंस ना गं सरळ. मी सांगितलं असतं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मग तिनं माझं खोडरबर उचललं आणि रागानं कचकन चावलं. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आईनं त्या दिवशी पहिल्यांदा आखणीचा कुंचला माझ्या हातात दिला. मूर्तीवर नाही, खटपट्यावर! त्याच्या दोन्ही भिंगांभोवती मी काळेभोर, टपोरे डोळे रंगवले, लांबूनही दिसतील असे. ज्याला बघायचंय त्यानं डोळा दाखवून बघावं. मोठी झाले की मी अशी यंत्रं बनवणार आहे, ज्यांना डोळा लपवताच येणार नाही.

रंग वाळल्यावर खटपट्याच्या कपाळावरचा दिवा बंदच राहिला. तो उर्वीकडे वळला.

"उर्वीताई," त्यानं विचारलं, "पाहू का?"

उर्वीनं नाक पुसलं आणि हसली. "बघ."

हिरवा दिवा लागला.