आधी तुझं नाव सांग

मागून हाक आली तर लगेच वळू नये म्हणतात. आमच्या घरी असलं काही कुणी म्हणत नसे. घरात देवच नव्हते, तर भुतं कुठून येणार! त्यामुळे उरणकडच्या त्या खारबांधावर मागून "ओ मॅडम!" अशी हाक आली तेव्हा मी वळले नाही, ती भीतीने नव्हे. मला वाटलं, असेल कुणी टवाळ.

मी उघाडीपाशी उकिडवी बसून बाटल्या भरत होते. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. खाडीचं पाणी आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं, ते त्या दारावर ठरतं. आमच्या लॅबला भरतीच्या पाण्याचे नमुने हवे होते, आणि ऑफिसात चिखलाला न घाबरणारी मी एकटीच. पलीकडे कंटेनर यार्डाचे पिवळे दिवे लागत होते. बांधावर मात्र चिटपाखरू नव्हतं.

"ओ मॅडम!"

मी बाटलीवर लेबल चिकटवलं.

तिसरी हाक अशी आली की माझा हात थांबला. वळले. ज्या वाटेने मी आले होते, ती वाट मधेच पाण्याखाली गेली होती. बांध जिथे खचलाय, ज्याला तिथले लोक खांड म्हणतात, तिथून पाणी आवाज न करता आत सरकत होतं. आणि खांडीच्या पलीकडे एक तरुण पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा होता.

"तीन हाका मारल्या!" हात धरून मला पलीकडे घेताना तो करवादला. "मेलेला मानूस वलला असता."

"मेलेलं माणूस कुठे वळतं?"

"इथं वलतं," तो म्हणाला. हसला मात्र नाही. "नाव म्हाईत असतं तर एका हाकेत काम झालं असतं. काय नाव तुमचं?"

"आधी तुमचं नाव सांगा."

"कुंदन."

"छान आहे. येते मी."

"सांभालून जा, मोनालीमॅडम."

मी गर्रकन वळले. तो माझ्या पिशवीतल्या बाटल्यांकडे बघत होता. नमुना घेणाऱ्याचं नाव लेबलवर लिहावं लागतं, आणि माझं अक्षर मेलं सुवाच्य.

कुंदन यार्डात क्रेन चालवायचा. पाळी संपली की बांधावर यायचा, उघाडीशेजारच्या शेंदूर लावलेल्या दगडापुढे दिवा लावायचा. निदान आधी तेवढ्यासाठी यायचा. पुढे पुढे माझे नमुने घेऊन झाले तरी त्याची वात काही नीट बसेना.

"आज काय हाय?" एकदा त्याने विचारलं.

"गुरुवार."

"वार नाय. तिथी?"

मी बाटलीचं झाकण उगाच पुन्हा घट्ट केलं.

"घरी कॅलेंडर नाय?"

"आहे की. गॅस कधी लावला ते लिहायला."

तो इतका हसला की बगळे उडाले. "दशमी हाय. तिथीची पाऊनपट करायची. दहाची पाऊनपट?"

"साडेसात."

"साडेसातला पानी भरनार. झालं!"

"हे देवाचं की गणिताचं?"

"पान्याचं," तो म्हणाला. खांड ओलांडायला तीन पावलं पुरायची. माझा हात सोडायला मात्र त्याला दहा लागायची, आणि मीही मोजायचं सोडून दिलं होतं.

दगडाचं मी एकदाच विचारलं. तो राखणदार, कुंदन म्हणाला. घरात मूल जन्मलं की बाराव्या दिवशी संध्याकाळी त्याचं नाव इथे येऊन सांगायचं. नाव सांगितलं की ते माणूस त्याचं. पाणी चढायला लागलं की तो नावाने हाक मारून मागे फिरवतो.

"तुला मारलीय?"

"लहानपनी दोनदा," तो म्हणाला. रोजच्या बसच्या कंडक्टरने ओळख दाखवली म्हणावं, इतक्या साध्या सुरात. मी ते थट्टेवारी नेलं.

त्यानंतर आठेक दिवसांनी मी एकटीच होते. कुंदनची पाळी बदललेली. उजेड विझत होता, चिखलातली खेकड्यांची टकटक चालू होती, आणि ती एकदम थांबली. सगळीकडची, एकाच वेळी.

"मोनाली..."

आवाज बाईचा नव्हता, पुरुषाचाही नव्हता. घाई नव्हती त्यात. मी बाटली घट्ट धरली. पुन्हा आला, जवळून. तिसऱ्यांदा आला तो थेट कानामागे, आणि मी वळले. कुणी नव्हतं. खांडीत पाणी पोटरीएवढं झालं होतं आणि भराभर वाढत होतं. मी कशी पळाले ते मलाच ठाऊक.

"तू हाक मारलीस ना?" दुसऱ्या दिवशी मी कुंदनला धरलं. "खरं सांग."

"मी क्रेनवर होतो." त्याचा चेहरा उतरला. "किती येला मारली?"

"तीनदा. नावाने. त्याला माझं नाव कसं कळलं, कुंदन?"

तो पाण्याकडे वळला. "आमावस्येला दिवा लावायला आलेलो. घरच्या सगल्यांची नावं घेतली... आनि शेवटी तुझं तोंडात आलं."

"मी तुमच्या घरची कधी झाले?"

"तेच तर..." त्याचे कान लाल झाले. "तेच विचारायचं होतं. पयलं तुलाच विचारायचं होतं. पन तिथं जीभ सरकली."

असं प्रेम कुणी सांगितलं असेल का कुणाला? आधी आपल्या देवाला सांगितलं, मग मला! मी इतकी सुखावले की रागवायचं राहूनच गेलं. राग नंतर आला.

कुंदनची आई, मालतीबाई, कुंदनला घेऊन आमच्या करंजाड्याच्या फ्लॅटवर बोलणी करायला आल्या. मला बघून त्यांनी तोंडभर हसून कानशिलावर बोटं मोडली. मग इकडेतिकडे पाहिलं. "देव कुठं हायत? हलदीकुंकू वायते."

"न्हाईत," माझे आबा म्हणाले.

आबा, म्हणजे माझे वडील कोंडिबा, साताऱ्याकडून येऊन तीस वर्षं मार्केटात पोती वाहिलेला माणूस. बोलतात कमी, आणि बोलले की पोतं टाकल्यासारखं.

"बरं," मालतीबाई सावरल्या. "लगीन कोर्टात करा, माजं काय नाय. पन पोर झालं की बाराव्या दिशी त्याचं नाव उघाडीवर सांगायचं. येवढं वचन मना द्या."

"त्ये जमायचं न्हाई."

"का?"

"माजी थोरली भन, बाळाबाई. पाच म्हैन्याची हुती तवा देवीला सोडली. तिच्या डोस्क्यात जट वाढली, लगीन न्हाई, घर न्हाई. लोकांच्या दारात नाचत जल्म गेला. तिला इचारलं हुतं का कुनी?" आबांचा आवाज चढला नाही. "म्हून माज्या पोरीला म्या कुठल्याच देवाच्या हातात दिली न्हाई. मोठी झाल्यावर तिचं ती बघंल म्हनलं."

"आमचा राखनदार कुनाला नेत नाय. हाक मारतो."

"हाक मारनारा कुठला आन् बोलावून न्येनारा कुठला, ह्ये तान्ह्या पोराला कसं कळायचं?"

मालतीबाई पदराची कड बोटाला गुंडाळत राहिल्या. "कुंदनच्या आदी मना तेजस झाला," त्या हळूच म्हणाल्या. "ह्याचा बाप नवीन शिकलेला. म्हनाला, असलं काय नको, पोर मोठं होऊन ठरवंल. नाय सांगितलं नाव. चार वर्सांचा होता. बांधावर चालत गेला. आमी सगली बोंबलत होतो, पानी येतंय, मागं फिर... नाय वलला. एकदाबी नाय वलला."

चहावर साय धरली. कुणी पेला उचलला नाही. मी दोघांकडे आळीपाळीने बघत होते. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं हो. ही दोघंही खरं बोलत होती.

वचन दिलं नाही, लग्न ठरलं नाही. जिन्यात मी कुंदनला म्हटलं, "माझं नाव परत घे."

"म्हंजे?"

"बाळाला विचारता येत नाही, म्हणून आईबाप ठरवतात. ते बरोबर की चूक, मला अजून कळत नाही. पण मी बाळ नाही, कुंदन. मला विचारता आलं असतं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने दगडापुढे हात जोडले. मी मागे उभी होते. "मोनाली आमची नाय," तो म्हणाला. वारा नव्हता. तरी दिव्याची ज्योत आडवी झाली आणि बराच वेळ आडवीच राहिली. खांड ओलांडून आम्ही दोन दिशांना गेलो.

महिना गेला. मी नमुने घ्यायला जात होते, तिथ्या आता मला पाठ होत्या. मला मागे फिरवायला कुणाची गरज नव्हती. तरी काम झालं की मी पाण्याकडे पाठ करून उगाच उभी राहत असे. कोण हाक मारणार होतं? खेकडे टकटक करत राहायचे. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मग ती एकादशी आली. अकराची पाऊणपट, सव्वाआठ. म्हणून मी लवकरच बांधावर पोचले, तर उघाडीपाशी कुंदन बसलेला, माझ्याकडे पाठ करून. दिवा लावलेला नव्हता. खांडीतून पाणी आत शिरत होतं आणि ज्याने मला भरतीचं गणित शिकवलं तो जागचा हलत नव्हता.

मी तोंड उघडलं. आवाजच फुटेना. पाणी वाढतंय, आणि मी नुसती तोंडाची उघडझाप करतेय! शेवटी सगळा जीव एकवटून एकदाच ओरडले, "कुंदन!"

तो उठला. मांडीभर पाण्यातून आला. मी हात दिला, ओढून घेतलं, आणि मग दुसऱ्या हाताने त्याच्या दंडावर दणादण चापट्या मारल्या.

"काय हिरोगिरी ही?"

"माझंपन नाव काढून टाकलं त्याच्याकडून," तो थरथरत म्हणाला. "तू त्यातली नाय, तर मी कशाला? आनि तेजसदादाला तवा कसं वाटलं असंल... बिननावाचं... ते बघायचं होतं."

"आणि बुडाला असतास म्हणजे?"

"बुडतो कशाला! तू ओरडत होतीस ना. म्हटलं, तिसऱ्या हाकेला वलायचं."

"मी एकदाच मारली."

"नाय गं. तीन." त्याचा आवाज मंदावला. "तिसरी तुझी होती... फुटलेली. पयल्या दोन..."

माझ्या हातातला त्याचा हात बर्फासारखा गार झाला होता. त्या क्षणी मला एकच कळत होतं, हा हात आता सोडायचा नाही. "मला विचार," मी म्हटलं. "आता विचार. नीट."

त्याने विचारलं. मी हो म्हणाले. एकदाच, पण चांगलं मोठ्याने.

मालतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे नाव नसलं तरी तो हाक मारतो?" त्या पुटपुटल्या. "म्हंजे माज्या तेजसलापन मारली असंल. एकटा नव्हता माजा पोर..." आणि त्या रडल्या. कुंदन म्हणाला, तेजससाठी आईला रडताना त्याने पहिल्यांदाच पाहिलं.

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "पोराला बोलता येईल तवा त्याचं तो सांगंल. सांगंल नायतर नाय." आबांना हाकांसकट सगळं कळवलं तेव्हा ते म्हणाले, "वारा असंल." पण लग्नाला नवं धोतर नेसून आले.

आमची वैजयंती आता साडेचार वर्षांची आहे. घरी ती आबांना प्रश्न विचारून भंडावते, उरणला गेली की मालतीबाईंच्या वातीला तेल घालते. तिचं नाव कुणी सांगितलेलं नाही. मी कुंदनला दोनदा बजावून विचारलंय. मालतीबाईंनी तर आपणहून तेजसची शपथ घेतली.

गेल्या दशमीला आम्ही सगळेच बांधावर गेलो होतो. आबासुद्धा, देवासाठी नाही, हवा खायला, असं त्यांनी तीनदा सांगितलं. मालतीबाई दिवा लावत होत्या. वैजू माझं बोट धरून उभी होती. टकटक करणारे खेकडे थांबले. सगळीकडचे, एकाच वेळी.

वैजूने मान वळवली. मागे, रिकाम्या बांधाकडे. "काय?" असं काहीतरी पुटपुटली, मग माझं बोट ओढलं.

"आई, ते माझं नाव विचारतंय."

मालतीबाईंच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली. कुंदनने माझा दंड धरला. इतक्या पिढ्या गेल्या, त्याला आजवर नावं कानावर घातली गेली होती. विचारायची वेळ बहुधा पहिल्यांदाच आली होती.

"मग..." मी तिच्यापुढे उकिडवी बसले. "मग तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, आधी तुझं नाव सांग."

"आन् मग?" हे आबांनी विचारलं.

वैजूने कान टवकारले. खांडीपाशी पाणी नुकतंच आलं होतं आणि तिथेच थबकल्यासारखं दिसत होतं.

"काहीच नाही बोललं," ती म्हणाली. "आठवतंय बहुतेक."

साडेसातला अजून वेळ होता. आम्ही पाचही जण तिथेच उभे राहिलो, उत्तराची वाट बघत. माझे आबासुद्धा.