घोंगडीवाला परत आला

१९३६ च्या हिवाळ्यात आखाडा बाळापूरच्या बाजारात आमच्या तंबूतला 'घोंगडीवाला' हा मुका सिनेमा तुफान चालला. मशीनचा दांडा मी फिरवायचो आणि पडद्याशेजारी उभे राहून खाजा मिया गोष्ट सांगायचे. चित्रातल्या पाट्या गुजरातीत, आणि आम्हा दोघांना गुजरातीचा गंध नव्हता. म्हणून घोंगडी पांघरलेल्या त्या उंच माणसाला खाजाभाईंनीच खुनी ठरवून टाकलं. शेवटी गाव त्याला विहिरीत लोटायचं, तेव्हा लोक फेटे उडवायचे. खाजाभाईंच्या जिभेवर माझा फार जीव होता.

लोकांनी दुसरा भाग मागितला. नवं चित्र आणायची ऐपत कुणाची?

"उद्धवा, तेच रीळ उलटं लाव," खाजाभाई म्हणाले. "मेलेला आपोआप वर येतो. बाकी मी बघतो."

"लोक वळखतील की."

"काहून वळखतील? भ्यालेल्याला काय दिसतंय?"

दिवेलागणीला तंबू गच्च भरला. पुढे खाजाभाईंची बायको मलिका भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. पडद्यावर पाणी उसळलं आणि घोंगडीवाला पाय वर करून विहिरीबाहेर आला. बायका किंचाळल्या, मग आपल्याच किंचाळण्याला हसल्या. उलट्या रिळात गाव मागे मागे जाऊ लागलं.

"बघा, गाव भिऊन मागं सरकून राहिलं!" खाजाभाई गरजले. मला हसू आवरेना.

खरं तर घोंगडीवालाही मागेच सरकायला हवा होता. तो सरळ पुढे चालत आला. रीळ घसरलं असेल म्हणून मी पाहिलं, तर ते बराबर होतं. त्याचा चेहरा पडदाभर झाला. एवढा जवळचा चेहरा त्या चित्रात कुठेच नव्हता.

खाजाभाई रंगात आले होते. "बोल बाबा, कुणाचा सूड घ्यायचा हाय तुला?"

त्याचे ओठ हलले. "ज्यानं मला खुनी ठरवलं, त्याचा."

आवाज खाजाभाईंचा होता. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. खाजाभाईंनी मात्र दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. मग हात काढून ते हळूच म्हणाले, "उद्धवा, थांबव. हे मी न्हाई बोललो."

मी दांडा सोडला. चित्र चालूच राहिलं.

मी मशीनचा दिवा विझवला. पडदा तसाच उजळ होता.

घोंगडीवाला खाजाभाईंच्या बाजूने पडद्याबाहेर गेला. परत आला तेव्हा घोंगडीखाली चार पाय होते.

ते विहिरीकडे निघाले. मी हाका मारत पडद्याकडे धावलो. शेजारी कुणीच नव्हतं.

विहिरीत पाणी धप्पकन वाजलं.

तंबू टाळ्यांनी दणाणला. मलिकाने हसून डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली.

"आवाजाचं कसं जमवलं वो, उद्धवभाऊ?"