वायरीचं मोकळं टोक

ही गोष्ट भर दुपारची आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. हिच्यात दिवे विझत नाहीत की कुत्री रडत नाहीत. सुरुवात होते ती चार पेन्सिल सेलांपासून. ते आणायला धाकटी एका रविवारी पायात चपला सरकवून कोपऱ्यावरच्या दुकानात गेली होती.

धाकटी म्हणजे काही लहान नव्हे, चांगली बेचाळीस वर्षांची बाई. दातांच्या कवळ्या बनवायच्या एका लॅबमध्ये ती काम करायची. आठवडाभर मेणात एकेक दात रोवायचा, कोणाचं हसू कुठे वाकडं होतं ते साच्यावरून ओळखायचं. पण दादा तिला जन्मभर धाकटीच म्हणत आला, आणि त्याच्या मागोमाग वहिनीही.

दादा पोस्टमन होता. तीस वर्षं लोकांचे जिने चढून चढून त्याचा उजवा गुडघा पार कामातून गेला होता. "पत्रं त्यांची, गुडघा माझा," असं तो हसत म्हणायचा. त्याला नाद एकच होता. लहानपणी दोघा भावंडांना मिळालेली हातात मावणारी गेमची दोन यंत्रं त्याने जपून ठेवली होती, आणि मोठेपणी तो त्यांच्यावर गाणी करायचा. गेमच्या कॅसेटच्या जागी दुसरी कॅसेट घालायची. तिच्यात ट्रॅकर नावाचा प्रोग्रॅम असायचा. पडद्यावर चार उभे रकाने. दोन सुरांचे, एक खर्जाचा, आणि एक नुसत्या खरखरीचा, त्यातून ढोल-ताशे काढायचे. रकान्यात वरून खाली एकेका ओळीत सूर लिहायचे. सोळा ओळींचं एक पान. यंत्र ते पान वाचत वाचत खाली सरकतं आणि गाणं वाजतं. आवाज असा, की डब्यात कोंडलेल्या चिमण्यांना कोणीतरी गायला शिकवलंय. पण दादाच्या हातून त्यातही काहीतरी असं निघायचं, की धाकटी आपली ओळ लिहायची विसरून ऐकत बसायची.

दर रविवारी दुपारी चारला दोघं धाकटीच्या घरी बसायची. दोन यंत्रांमध्ये एक वायर. ताल द्यायचं काम दादाच्या यंत्राचं. धाकटीचं यंत्र 'थांबलेलं' ठेवलेलं असायचं. तिकडून वायरीतून ठोका आला, की इकडे एक ओळ पुढे. ठोका नाही, तर ओळ नाही. इतकं साधं.

आठ महिन्यांपूर्वी दादा घरी येता येता जिन्यातच गेला. छातीत कळ आली आणि खेळ आटोपला. यंत्र खिशात होतं, ते त्याच्या अंगाखाली सापडून दोन तुकडे झालं. त्याच्यासारखीच गाणी करणारी दहा-बारा माणसं होती. त्यांनी त्याच्या आठवणीत एक छोटा कार्यक्रम ठरवला, आणि त्याचं शेवटचं गाणं धाकटीने वाजवावं असा निरोप पाठवला. महिनाभर हातात होता. म्हणून ते सेल.

सेल घातले, यंत्र चालू केलं. वायर अजून त्याला लावलेलीच होती, आठ महिने तिने ती काढली नव्हती. दुसरं टोक जेवायच्या टेबलावर नुसतं पडलेलं. यंत्र सवयीने 'थांबलेलं'च होतं. ते बदलायला हवं, म्हणून तिने बोट पुढे केलं, आणि पडद्यावरची खूण एक ओळ खाली सरकली.

एक सूर वाजला. मग दुसरा.

गाणं इतकं हळू चाललं होतं, की ओळखू येईना. सुरासुरात एवढं अंतर, की मध्ये श्वास घेऊन व्हावा. आणि अंतर सारखं नव्हतं. एक लांब, एक आखूड. एक लांब, एक आखूड. खूण एक पान आणि दोन ओळी गेली आणि थांबली. अठरा ओळी. पुढे काही नाही. घड्याळात चार वाजून दोन मिनिटं झाली होती.

धाकटी घाबरली नाही. तिने सोमवारी वायर आणि यंत्र दोन्ही दुरुस्तीवाल्याकडे नेलं. हा म्हातारा दादाचाही दोस्त होता. त्याने वायरीचं टोक भिंगाखाली धरलं.

"मोकळं टोक म्हणजे अँटेनाच गं," तो म्हणाला. "घरातल्या विजेचा गोंधळ आत शिरतो. फ्रिज चालू झाला, की यंत्राला वाटतं ठोका आला. टोकाला चिकटपट्टी गुंडाळ, बंद होईल."

"गोंधळ एवढा शिस्तीत चालतो का?" तिने विचारलं.

म्हाताऱ्याने भिंग खाली ठेवलं. "नाही चालत," तो म्हणाला, आणि स्वतःच पट्टीचे तीन वेढे देऊन वायर तिच्या हातात ठेवली.

पुढच्या रविवारी तिने फ्रिज बंद केला, घराचा मेन स्विचही खाली पाडला. चारच्या ठोक्याला खूण हलली. पुन्हा पहिल्या ओळीपासून. एक लांब, एक आखूड. अठराव्या ओळीवर मोठा दम खाल्ल्यासारखी थांबली, आणि मग पुढे निघाली. या वेळी छत्तीसपर्यंत.

आता तिला भीती वाटली. पण खरं सांगायचं तर भीतीच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. आठ महिने ती त्या घरात एकटीच सूर लिहीत आणि पुसत होती. वायरीच्या त्या टोकाला कोणीतरी आहे, ही गोष्ट तिला हवीशी वाटत होती. कोण आहे, हे तिने स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं, तर वायर काढावी लागली असती.

तिसऱ्या रविवारी वहिनी अचानक आली. कार्यक्रमात लावायला दादाचा फोटो घेऊन आली होती. धाकटी तिला टाळू शकली नाही, आणि चार वाजायला आले होते. वहिनीला या यंत्रांतलं ओ की ठो कळत नसे. दादाबरोबर आली, तरी ती दोघं बसली की ही आतल्या खोलीत पडून वाचायची. ती खुर्चीवर टेकली आणि खूण चालू लागली.

लांब, आखूड. लांब, आखूड.

वहिनीच्या मांडीवरचा फोटो घसरला, तो तिने धरला नाही.

"हे काय आहे?" तिने हळूच विचारलं.

"गाणं आहे, वहिनी. दादाचं. जरा... हळू लागलंय."

"गाणं नाही हे." वहिनी डोळे मिटून ऐकत होती. "उजवा पाय उचलायला त्याला वेळ लागायचा. आता बघ, मजला आला. आता थांबेल."

अठराव्या ओळीवर खूण थांबली. मग निघाली. छत्तीसवर थांबली. मग निघाली.

"वीस वर्षं मी स्वयंपाकघरातून हे ऐकलंय," वहिनी म्हणाली. "तिसऱ्या मजल्यावर पाऊल ऐकू आलं, की मी चहा टाकायचे."

चोपन्नाव्या ओळीवर खूण थांबली ती थांबलीच. धाकटीने मनातल्या मनात हिशोब केला. वहिनीच्या इमारतीत एका मजल्याला अठरा पायऱ्या. तिचं घर चौथ्या मजल्यावर. दादा सापडला होता तो तिसऱ्या मजल्याच्या वळणावर.

"मी वायर काढते," धाकटी म्हणाली.

"काढू नकोस. पुढच्या रविवारी माझ्याकडे घेऊन ये."

"वहिनी... आणि तो आलाच तर?"

"आला तर दार उघडेन," वहिनी म्हणाली. "आठ महिने मी दुसरं काय करतेय?"

पुढचे सहा दिवस धाकटीने लॅबमध्ये तीन कवळ्या बिघडवल्या. न जाण्याची कारणं तिने शोधली, एकदा फोनही उचलला. पण एक विचार तिला सोडत नव्हता. शेवटच्या अठरा पायऱ्या दादाच्या राहून गेल्या होत्या. आपण वायर काढली, तर तो त्या वळणावरच उभा राहील. आणि नाही काढली, तर जे चढतंय ते दादाच आहे, हे कोणी सांगावं? चाल त्याची होती. पण चाल तर कोणाचीही उचलता येते. तिने स्वतः लोकांचं हसू साच्यात उचललं होतं.

कार्यक्रमाचं इथेच सांगून टाकते. तो त्या चौथ्या रविवारनंतरच्या शनिवारी झाला. धाकटीने वायर न लावता, स्वतःच्या यंत्राच्या तालावर दादाचं गाणं वाजवलं, आणि ते चांगलं झालं. लोकांनी डोळे पुसले. ती मात्र त्यानंतर कधी वाजवायला बसली नाही. का, ते त्या रविवारात आहे.

वहिनीचं घर स्वच्छ, उन्हाने भरलेलं. चारला पाच कमी असताना वहिनीने चहाचं आधण ठेवलं. टेबलावर यंत्र, वायर, आणि पट्टी गुंडाळलेलं ते टोक. टोक दाराकडे करून ठेवलेलं. हे कोणी केलं, धाकटीला आठवेना.

चार वाजले. खूण निघाली.

पहिला मजला. दम. दुसरा मजला. दम. वहिनीचे ओठ हलत होते, ती मोजत होती. बाहेर जिन्यात मात्र काही आवाज नव्हता. चोपन्नावर खूण थांबली. स्वयंपाकघरात पाणी उकळत होतं.

आणि मग पंचावन्न.

वहिनीने धाकटीचा हात धरला. पावलं आता फारच हळू पडत होती. साठ. बासष्ट... पासष्टवर एवढा वेळ गेला, की धाकटीला वाटलं संपलं. तिच्या तोंडून नकळत "चल रे दादा" निघून गेलं. सत्तर... एकाहत्तर...

बहात्तर. खूण थांबली.

वहिनी उठली. तिने केस कानामागे सारले, दारापाशी गेली आणि कडी काढून दार सताड उघडलं.

बाहेर कोणी नव्हतं. चौथा मजला हाच शेवटचा, वर गच्ची नाही, उतरतं पत्र्याचं छप्पर. जिना दाराशीच संपत होता. उंबऱ्याबाहेर उन्हाचा एक चौकोन पडला होता, त्यात धुळीचे कण तरंगत होते. वहिनी बराच वेळ बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, रागही नव्हता. गाडी सुटल्यावर फलाटावर राहिलेल्या माणसासारखी ती दिसत होती.

"पोहोचला," ती म्हणाली. "पोहोचला ना गं?"

"हो वहिनी," धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. आता वायर काढायला हरकत नव्हती. तिने हात पुढे केला.

त्र्याहत्तर.

सूर वाजला, आणि वहिनी दारातच वळली. चौऱ्याहत्तर. पंच्याहत्तर. पावलं दारावरून पुढे चालली होती, जिथे पायरीच नव्हती तिथे. चाल तीच, उजव्या गुडघ्याची. पण आता एक लांब आणि एक आखूड ठोक्याच्या मधोमध आणखी एक ठोका पडत होता. हलका, भरभर, अजिबात न अडखळणारा.

वहिनीने उंबऱ्यातून एक पाऊल मागे घेतलं आणि कान देऊन ऐकलं.

"धाकटे," ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "त्याच्याबरोबर... कोण आहे?"